भास्कराचार्य : नियम लिहिणारे आणि नियमामागचं कारणही लिहिणारे



आजच्या पाठात भास्कराचार्यांचं चरित्र घेऊ या. शाळेत त्यांची ओळख आपण साधारण एका परिच्छेदात उरकतो. थोर गणिती, ग्रंथाचं नाव लीलावती, आणि पुढचा धडा. मात्र ज्या शिक्षकांनी निकालपत्रकासाठी एक्सेलमध्ये थोडेफार मॅक्रो लिहिले आहेत, त्यांनी हे चरित्र सावकाश वाचावं असं मला वाटतं. मॅक्रोतल्या ज्या दोन गोष्टी आपल्याला सगळ्यात जास्त छळतात, त्या दोन्ही गोष्टी या माणसाने जवळपास नऊशे वर्षांपूर्वी हाताळल्या होत्या.

पालकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेली कामांची यादी. बटण दाबलं की संगणक ती यादी वरून खाली वाचत जातो आणि तसं तसं करतो. या यादीत दोन प्रकारच्या ओळी फार महत्त्वाच्या असतात. पहिली म्हणजे अट : असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर. संगणकाच्या भाषेत इफ, देन, एल्स. दुसरी म्हणजे टीप, म्हणजेच कॉमेंट. ओळीच्या सुरुवातीला एक छोटं अवतरणचिन्ह टाकलं की ती ओळ हिरवी दिसते आणि संगणक ती वाचतच नाही. ती फक्त माणसासाठी असते. अमुक अट का घातली, हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

अट संगणकासाठी आणि टीप माणसासाठी. एवढं लक्षात ठेवून आता बाराव्या शतकात जाऊ.

सह्याद्रीच्या पायथ्याचं घर

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल आपल्याला नक्की माहीत आहे, कारण ते त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. जुन्या काळातल्या कितीतरी विद्वानांच्या जन्मसालाबद्दल नुसते अंदाज आहेत. इथे तशी अडचण नाही. स्वतःच्या कामावर तारीख घालण्याची सवय त्यांना होती, आणि त्या सवयीचा फायदा आज आपल्याला होतो.

त्यांचं गोत्र शांडिल्य. वडिलांचं नाव महेश्वर. वडीलच त्यांचे गुरू. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असं त्यांनी सांगितलं आहे. हे विज्जडविड नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी ते चाळीसगावजवळच्या पाटणे परिसरात दाखवतात, कुणी बीड म्हणतात, तर कुणी विजापूर. पाटण्याशी त्यांच्या घराण्याचं नातं मात्र दगडावर कोरलेलं आहे. ते पुढे येईलच.

घरात शिकणं-शिकवणं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं. मुलगा वडिलांकडून शिकला आणि त्याने पुढे आपल्या मुलाला शिकवलं. हे वाक्य सोपं दिसतं. पण एका पिढीने दुसरीला शिकवताना काय काय गळतं आणि काय टिकतं, हाच या चरित्राचा खरा विषय आहे.

छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला ग्रंथ

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग. लीलावतीत अंकगणित आणि क्षेत्रमापन, बीजगणितात बीजगणित, ग्रहगणितात ग्रहांच्या स्थिती काढण्याची रीत, आणि गोलाध्यायात गोलाचा, म्हणजे आकाश आणि पृथ्वी यांच्या रचनेचा विचार.

सगळे नियम श्लोकांत आहेत. त्या काळात कागद हाताशी नव्हता. मुलांनी नियम पाठ करायचे, म्हणून नियम जितका छोटा तितका चांगला. श्लोकात एकेक शब्द मोजून वापरावा लागे. त्यामुळे नियम घट्ट बसतो, पण कारणाला जागा उरत नाही. आपण पाढे पाठ करून घेतो ना, तसंच. सात आठे छप्पन्न हे तोंडपाठ होतं, पण छप्पन्नच का, हे पाढ्यात नसतं. ते शिक्षकाने मणी मांडून दाखवायचं असतं.

लीलावतीबद्दल एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र लावलं. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या वाटीच्या तळाला बारीक भोक असतं. वाटी भरून बुडाली की घटका झाली. मुलगी कुतूहलाने वाकून पाहत असताना तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. तेव्हा मुलांना सांगताना ती कथा म्हणूनच सांगावी.

पण कथा म्हणूनही ती मॅक्रो लिहिणाऱ्याला काही शिकवते. अट अशी होती : वाटी बुडाली तर मुहूर्त झाला. वाटी बुडालीच नाही तर काय, याची सोय कुणी केली नव्हती. सगळे अट पूर्ण होण्याची वाट पाहत बसले आणि ती कधीच पूर्ण झाली नाही. नसेल तर, हा भाग लिहायचा राहिला की असं होतं.

कुट्टक : अटींचं गणित

लीलावतीत कुट्टक नावाचा एक भाग आहे. कुटणे या क्रियापदाशी या शब्दाचं नातं आहे. मोठ्या संख्या पुन्हापुन्हा भागून बारीक करायच्या, खलबत्त्यात कुटल्यासारख्या, म्हणून कुट्टक. ही रीत भास्कराचार्यांच्या आधीपासून, आर्यभटांच्या काळापासून चालत आलेली. भास्कराचार्यांनी ती नीट, पायरीपायरीने मांडली.

प्रश्न असा असतो. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले तर १९५ ने पूर्ण भाग जाईल? हे उदाहरण लीलावतीतलंच आहे. यात २२१ हा भाज्य, १९५ हा भाजक आणि मिळवायचे ६५ हा क्षेप.

आता पाहा, पहिलीच पायरी अटीची आहे. भाज्य आणि भाजक या दोघांना ज्या संख्येने भाग जातो, त्या संख्येने क्षेपालाही भाग जायला हवा. जात नसेल तर उदाहरणच सदोष आहे, पुढे जाऊ नका. मुलांना हे सोप्या आकड्यांत दाखवता येतं. ६ ला कशाने गुणून १ मिळवला तर ४ ने भाग जाईल? कधीच जाणार नाही. ६ च्या पटीतली संख्या सम, तिच्यात १ मिळवला की विषम, आणि विषम संख्येला ४ ने भाग जात नाही. भास्कराचार्य गणित सुरू करण्याआधी गणित होण्याजोगं आहे का, ते तपासायला लावतात.

आपल्या उदाहरणात तिघांनाही १३ ने भाग जातो. तेव्हा १७, १५ आणि ५ उरले. आता १७ ला १५ ने भागा : भागाकार १, बाकी २. मग १५ ला २ ने भागा : भागाकार ७, बाकी १. बाकी १ आली की थांबा. आलेले भागाकार एकाखाली एक लिहा, त्याखाली क्षेप आणि शेवटी शून्य : १, ७, ५, ०. या रांगेला वल्ली म्हणतात, म्हणजे वेल. आता वेलीच्या खालून वर चढायचं. ७ गुणिले ५ अधिक ० म्हणजे ३५. मग १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४०. वरच्या दोन संख्या ४० आणि ३५. त्यातून ४० ला १७ ने भागून बाकी ६, आणि ३५ ला १५ ने भागून बाकी ५. झालं उत्तर. गुणक ५ आणि भागाकार ६. पडताळा घ्या : २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, त्यात ६५ मिळवले की ११७०, आणि १९५ गुणिले ६ सुद्धा ११७०.

पण इथे आणखी एक अट आहे. वेलीत आलेले भागाकार मोजायचे. ते सम असतील, म्हणजे दोन, चार, सहा, तर आलेलं उत्तर तसंच ठेवायचं. विषम असतील तर आलेल्या संख्या भाज्य-भाजकातून वजा करायच्या. आणि क्षेप मिळवायचा नसून वजा करायचा असेल, तर आणखी एकदा वजाबाकी. एका छोट्या रीतीत अशा तीन अटी.

ही सम-विषमची अट विसरली तर काय होतं? लहान उदाहरण करू. ७ ला कशाने गुणून १ मिळवला तर ३ ने भाग जाईल? ७ ला ३ ने भागलं : भागाकार २, बाकी १. वेल झाली २, १, ०. वर चढलं : २ गुणिले १ अधिक ० म्हणजे २. वरच्या दोन संख्या २ आणि १. अट न पाहता उत्तर लिहिलं तर गुणक १. पडताळा : ७ गुणिले १ अधिक १ म्हणजे ८, आणि ८ ला ३ ने भाग जात नाही. चुकलं. अट पाहिली तर भागाकार एकच, म्हणजे विषम. म्हणून ३ वजा १ म्हणजे गुणक २, आणि ७ वजा २ म्हणजे भागाकार ५. पडताळा : ७ गुणिले २ अधिक १ म्हणजे १५, आणि ३ गुणिले ५ सुद्धा १५. बरोबर.

गंमत म्हणजे ते चुकलेलं उत्तर अगदीच वाया गेलेलं नाही. ७ गुणिले १ वजा १ केलं तर ६ येतात, आणि ६ ला ३ ने भाग जातो, भागाकार २. म्हणजे अट न पाहता आलेलं उत्तर वजाबाकीच्या प्रश्नाचं होतं. भागाकाराच्या प्रत्येक पायरीला मिळवण्याचं वजा होतं आणि वजाचं मिळवणं. पायऱ्या सम असल्या की चिन्ह फिरून मूळ जागी येतं, विषम असल्या की उलटं राहतं. सम-विषमची अट का, याचं हे कारण. हे एकदा कळलं की ती अट पाठ करावी लागत नाही, आणि कुणी चुकून उलटी लिहिली तर लगेच डोळ्यात खुपते.

आपल्या निकालपत्रकात हेच घडतं

आता थोडा वेळ आपल्या वर्गात येऊ. श्रेणी देण्याचा मॅक्रो आपल्यापैकी अनेकांकडे आहे. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, असं करत खाली ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० किंवा कमी असतील तर इ-२.

यात अटींचा क्रम महत्त्वाचा. पहिलीच अट जर ३३ किंवा जास्त असेल तर ड अशी लिहिली, तर ९५ गुण मिळवणाऱ्या मुलीलाही ड मिळेल. कारण ९५ हे ३३ पेक्षा जास्तच आहेत, आणि संगणक पहिली खरी ठरलेली अट पकडून बाकीच्या सोडून देतो. म्हणून वरून खाली यायचं : आधी ९१, मग ८१, मग ७१.

दुसरी जागा म्हणजे साडेनव्वद. दोन सत्रांची सरासरी काढली की अर्धा गुण येतोच. ८१ ते ९० आणि ९१ ते १०० असे दोन कप्पे जसेच्या तसे लिहिले, तर साडेनव्वद कुठल्याच कप्प्यात बसत नाही आणि श्रेणीचा रकाना रिकामा राहतो. ९१ किंवा जास्त, नाहीतर ८१ किंवा जास्त, असं लिहिलं की ती फट बुजते. मात्र साडेनव्वदला वरची श्रेणी द्यायची की खालची, हे माणसानेच ठरवायचं आणि का ठरवलं ते शेजारी लिहून ठेवायचं.

तिसरी जागा सगळ्यात नाजूक. रिकामा रकाना. मूल आजारी होतं, परीक्षेला आलंच नाही, गुण भरलेच नाहीत. तुलना करताना संगणक रिकाम्या जागेला शून्य समजतो. मग त्या लेकराला इ-२ श्रेणी लागते आणि तसंच प्रगतिपत्रक छापून घरी जातं. घरच्यांना काय वाटेल, विचार करा. ज्या मुलाने पेपर लिहिलाच नाही, त्याला काहीच येत नाही असं आपण कागदावर लिहून दिलं. म्हणून सगळ्या अटींच्या आधी ही अट हवी : रकाना रिकामा असेल तर गैरहजर लिही आणि पुढे जा. भास्कराचार्यांची पहिली पायरी आठवा. गणित करण्याआधी गणित होण्याजोगं आहे का ते पाहा.

आता समजा हा मॅक्रो लिहिणाऱ्या बाईंची बदली झाली. नवे गुरुजी आले. त्यांना ती रिकाम्या रकान्याची ओळ फालतू वाटली आणि त्यांनी ती काढून टाकली. त्यांची काय चूक? ती ओळ का आहे, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

स्वतःच्या श्लोकांवर स्वतःचं भाष्य

इथे पुन्हा भास्कराचार्यांकडे जाऊ, कारण त्यांच्या चरित्रातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे.

श्लोक लिहून ते थांबले नाहीत. ग्रहगणित आणि गोलाध्याय या दोन भागांवर त्यांनी स्वतःच गद्यात भाष्य लिहिलं. त्याचं नाव वासनाभाष्य. इथे वासना या शब्दाचा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातला नाही. गणितात वासना म्हणजे नियमामागची उपपत्ती, तो नियम असाच का याचं कारण. श्लोक पाठ करण्यासाठी, भाष्य समजून घेण्यासाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅक्रो आणि त्याची कॉमेंट, दोन्ही एकाच हाताने लिहिलेली.

उपपत्तीबद्दल त्यांचं मत ठाम होतं. कारण माहीत नसलेल्या गणकाला जाणकारांच्या सभेत मान मिळत नाही, असं ते मानत. आणि त्याहून मोठी गोष्ट, अशा गणकाच्या स्वतःच्याच मनातली शंका जात नाही. उत्तर बरोबर आलं तरी ते बरोबर का आलं, हे त्याला माहीत नसतं. वर्गात असं मूल आपण रोज पाहतो. उत्तर लिहितं, आणि आपण नुसतं पुन्हा विचारलं की लगेच खोडतं.

भास्कराचार्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथावरही टीका लिहिली. लल्ल नावाच्या आधीच्या आचार्यांचा शिष्यधीवृद्धिद हा ग्रंथ होता. त्यावर भास्कराचार्यांचं विवरण आहे. पण आदर असला तरी चूक दिसली तिथे त्यांनी ती दाखवली.

चेंडूच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ हे त्याचं चांगलं उदाहरण. लल्लांचा नियम असा होता की वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्या परिघाने गुणावं. ७ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू घ्या. परीघ साधारण २२, मधोमध कापल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेअडतीस. लल्लांच्या नियमाने चेंडूचं पृष्ठफळ ८४७ येतं. भास्कराचार्यांच्या नियमाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट, म्हणजे १५४. दुसरं उत्तर बरोबर. आणि भास्कराचार्यांनी नुसती चौपट सांगितली नाही. आवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात, तशा गोलावर रेषा कल्पून पृष्ठाच्या फाकी करायच्या, एका फाकीचं क्षेत्रफळ काढायचं आणि सगळ्या फाकी मिळवायच्या, असं त्यांनी भाष्यात समजावलं आहे.

कारण लिहिलं की चूक सापडते. नुसता नियम असेल तर दोन नियमांतला कुठला खरा, हे मोठ्या नावावरून ठरवावं लागतं. कारण असेल तर सहावीतलं पोरही तपासून पाहू शकतं.

सिद्धान्त आणि करण

शके ११०५ मध्ये, इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी करणकुतूहल लिहिलं. हा वेगळ्या जातीचा ग्रंथ. सिद्धान्त ग्रंथात मोजणी फार प्राचीन काळापासून सुरू होते, त्यामुळे आकडे प्रचंड येतात. करण ग्रंथात जवळचं एक वर्ष धरून तिथून पुढे मोजायचं. आकडे लहान, काम झटपट. पंचांग करणाऱ्याला रोजच्या कामासाठी हेच सोयीचं.

करणकुतूहल म्हणजे तयार मॅक्रोसारखं : बटण दाबा, उत्तर घ्या. पण हे तयार साधन देणाऱ्याने तेहेतीस वर्षांपूर्वी त्यामागचा सगळा विचारही लिहून ठेवला होता. सोय हवीच, पण सोयीच्या मागे कारणाचा ग्रंथ उभा हवा, असा तो संसार होता.

मठ आणि दगडावरचा लेख

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपालाने त्याला आपल्या पदरी नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला एक मठ काढला. आपल्या भाषेत शाळाच ती. त्या भागात राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. त्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटण्याला देवीच्या देवळात आहे. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

त्या लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी त्या काळच्या मराठीतल्या काही ओळी आहेत. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं, ते त्यात सांगितलं आहे. म्हणजे गावच्या बाजारातल्या पैशावर गणिताची शाळा चालायची, आणि पैशाचा व्यवहार बाजारातल्या माणसाला कळावा म्हणून तो त्याच्या भाषेत लिहिला. टीप कुणासाठी आहे, हे ओळखून भाषा निवडली.

विदर्भाचं नातं

भास्कराचार्यांचे ग्रंथ पुढे शेकडो वर्षं शिकवले गेले, आणि ते टिकले याचं एक मोठं कारण म्हणजे टीकाकार. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. आणि आपल्या विदर्भाने तर या कामाला एक सबंध घराणं दिलं. पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचं हे घराणं पुढे काशीला गेलं. त्यातल्या कृष्ण दैवज्ञांनी १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या बीजगणितावर बीजपल्लव ही टीका लिहिली. त्यात कुट्टकाची उपपत्ती सविस्तर दिली आहे. ज्या रीतीत तीन अटी होत्या, त्या अटी का, हे साडेचारशे वर्षांनंतर विदर्भाच्या माणसाने लिहून ठेवलं. त्यांचे पुतणे मुनीश्वर यांनीही लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणी या दोन्हींवर टीका लिहिल्या.

पुढे कोलब्रूक नावाच्या इंग्रज विद्वानाने १८१७ मध्ये लीलावती आणि बीजगणित यांचं इंग्रजी भाषांतर छापलं. हेच कोलब्रूक त्याआधी काही काळ कंपनीचे वकील म्हणून नागपूरला भोसल्यांच्या दरबारी राहिले होते. त्यांनी भाषांतराच्या तळाशी टीकाकारांची स्पष्टीकरणंही भरपूर दिली. त्यामुळे युरोपातल्या वाचकाला नियमही मिळाला आणि कारणही. नुसते श्लोक गेले असते, तर ते कोड्यासारखे वाटले असते.

आपण काय घ्यायचं?

आपल्या कामठीत मराठी, हिंदी, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. एका शाळेतली एक्सेलची फाईल पेनड्राईव्हमधून, व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या शाळेत जाते. लिहिणारा एक, वापरणारे अनेक. म्हणून मॅक्रो लिहिणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी :

१. कॉमेंटमध्ये कारण लिहा. गुण ३३ पेक्षा जास्त आहेत का ते पाहणे, अशी टीप निरुपयोगी, कारण ते ओळीतच दिसतं. रकाना रिकामा म्हणजे मूल गैरहजर, शून्य गुण नव्हे, म्हणून ही अट सर्वांत आधी, अशी टीप कामाची.

२. प्रत्येक अटीला नसेल तर हा भाग द्या. काहीच जुळलं नाही तर रकान्यात तपासा असा शब्द येऊ द्या. चुकीच्या श्रेणीपेक्षा तो शब्द बरा.

३. फाईलच्या सुरुवातीला तारीख, इयत्ता आणि कोणत्या नियमानुसार श्रेणी काढली ते लिहा. भास्कराचार्यांनी साल लिहिलं म्हणून आज आपल्याला कळतं.

४. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही, प्रश्नचिन्हं दिसतात. तिथे टीप रोमन अक्षरांत मराठीतून लिहा, किंवा फाईलमध्ये माहिती नावाची वेगळी शीट करून तिथे मराठीत सविस्तर लिहा. गैरहजरसारखे मराठी शब्दही त्या शीटच्या रकान्यात ठेवून मॅक्रोला तिथून उचलायला सांगा.

५. अट बदलली की टीपही बदला. जुनी टीप आणि नवी अट शेजारी राहिली तर वाचणारा जास्त गोंधळतो.

६. मॅक्रो चालवल्यावर चार गुण मुद्दाम टाकून पाहा : ९५, साडेनव्वद, ३३ आणि एक रिकामा रकाना. भास्कराचार्यांच्या उदाहरणाचा आपण पडताळा घेतला, तसा.

वर्गासाठी एक उपक्रमही देते. पाचवी ते सातवीच्या मुलांना ७ आणि ३ चं कुट्टकाचं उदाहरण द्या. आधी नुसते १, २, ३ ने गुणून उत्तर शोधू द्या. मग वेलीची रीत दाखवा, पण सम-विषमची अट सांगू नका. उत्तर चुकेल. का चुकलं, हे मुलांनाच शोधू द्या. वेळ लागेल, पण लागू द्या. मग प्रत्येकाला वहीत रीतीच्या शेजारी एका ओळीत कारण लिहायला सांगा, आणि वह्या बदलून शेजारच्या मुलाला ती ओळ वाचून समजते का ते पाहा. समजली नाही तर ओळ पुन्हा लिहायची.

पालकहो, घरीही एवढं करता येईल. मुलाने गणित सोडवलं की उत्तराला बरोबर म्हणण्याआधी विचारा, असं का केलंस? पहिल्यांदा ते गडबडेल. हळूहळू सांगायला लागेल.

भास्कराचार्यांना जाऊन आठशेहून जास्त वर्षं झाली. पाटण्याचा मठ आता नाही. पण त्यांचा कुट्टक आज कामठीतल्या वर्गात फळ्यावर मांडता येतो, आणि मुलांनी का विचारलं तर उत्तरही देता येतं, कारण दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून ते कारण लिहून ठेवलं. आपली निकालपत्रकाची फाईल आठशे वर्षं टिकायची गरज नाही. पुढच्या जूनमध्ये नव्या गुरुजींनी ती उघडली आणि गैरहजर मुलाला गैरहजरच लिहिलं गेलं, तरी पुरे.